ॲप घडवणाऱ्या साहेबांस विरारहून

सप्रेम नमस्कार, वि. वि.

सर्वप्रथम अभिनंदन! विद्या चौदा आणि कला चौसष्ट, असा हिशेब आपल्याकडे कधीच मिटला होता. तुम्ही त्यात भर घातलीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी 'डार्क पॅटर्न' म्हणून तुमच्या 13 कलांची यादीच अधिसूचनेत छापली. न मागितलेली वस्तू बिलात सरकवणं, 'शेवटचे दोनच उरले' अशी खोटी घाई, सदस्य व्हायला एक बटण आणि सुटायला चक्रव्यूह. विमा नको असेल, तर 'मला कुटुंबाची काळजी नाही' हेच बटण दाबायचं! यादी बंदीसाठी होती म्हणे. तुम्ही ती अभ्यासक्रम समजून वाचलेली दिसते.

तुमची खरी प्रतिभा मात्र 'पूर्ण नाव' या रकान्यात उतरली आहे. आमच्या वसईत डिमेलो, डिसोजा ही आडनावं पोर्तुगीज काळापासून नांदतात. इंग्रजीत लिहिताना पहिल्या 'डी'नंतर वर एक बारीक चिन्ह येतं. ते टंकलं, की तुमचं ॲप लाल अक्षरांत म्हणतं, 'नाव अवैध.' चिन्ह खोडलं, की म्हणतं, 'नाव ओळखपत्राशी जुळत नाही.' आमच्या शेजारचे आजोबा ही दोन वाक्यं आळीपाळीने वाचत दुपारभर बसले होते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, तरी ही आडनावं टिकली. तुमच्या लाल अक्षरांपुढे मात्र त्यांचा निभाव लागेना.

ओटीपीच्या तीस सेकंदांबद्दलही ऋणी आहे. दादरला विरार फास्ट पकडल्यावर खिशातला मोबाइल डोळ्यांसमोर यायलाच अंधेरी येते. मेसेज बघायला जरा ॲपबाहेर जावं, तर परत येईतो भरलेला अख्खा फॉर्म कोरा. पुन्हा जन्मतारीख, पुन्हा पिनकोड, पुन्हा 'मी यंत्रमानव नाही'. (त्या गर्दीत याची खात्री माझी मलाही नसते.)

एक तक्रार मात्र आहे. मासळीबाजारात मावशींच्या पाटीशेजारी एक डबी ठेवलेली असते. गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पैसे भरले, की ती मोठ्याने, चक्क मराठीत, रक्कम सांगते. मावशींचे हात ओले, बोटांना खवलं चिकटलेली, एका हातात कोयता. पडद्याकडे बघायला फुरसत कुणाला! डबी ना पासवर्ड मागते, ना पाच तारे. पैसे आले की बोलते, मग गप्प. ती बनवणारा आधी बाजारात उभा राहिला असावा, असा दाट संशय येतो. फलाटावरच्या इंडिकेटरचंही तेच. गाडी कुठली, कितीची, स्लो की फास्ट, डबे बारा की पंधरा, हे जिना उतरता उतरता एका नजरेत कळतं. 'आधी लॉगिन करा' नाही की काही नाही. तुमच्या धंद्यात असले प्रकार घडतात कसे? चौकशी बसवा.

कळावे, लोभ असावाच. 'नसावा' हा पर्याय दिलेला नाही.

आपला,
एक युजर, विरार पूर्व

ता. क. : 'मला अशी पत्रं रोज हवीत' या चौकटीत तुमच्या वतीने खूण करून ठेवली आहे. ती काढायची असल्यास संध्याकाळच्या फास्टने समक्ष विरारला यावं. कार्यालयाची वेळ तीस सेकंद. नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे.