राणीची बाग बुधवारी बंद असते

अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज दोघांचेच होते; महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये चढले सातजण. काका-काकूंना लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सी गाठायचं होतं. कागद सांभाळायला पुतण्या हवा, पुतण्या निघाला म्हणून त्याची बायको, ती निघाली म्हणून दोन्ही पोरं. काकूंच्या धाकट्या बहिणीने मुंबई पाहिली नव्हती, आणि एवढं कारण कोल्हापुरात पुरतं.

श्रेय द्यायचं तर अमेरिकन कार्यपद्धतीला द्यावं लागेल. एका हेलपाट्यात ती मोकळं करत नाही. आधी अर्ज केंद्रात फोटो आणि बोटांचे ठसे, मग वेगळ्या दिवशी वकिलातीत मुलाखत. मंगळवारी ठसे, गुरुवारी मुलाखत अशी वेळ मिळाली की मधला बुधवार आपोआप मुंबईदर्शनाच्या नावे जमा होतो.

दोन्ही कामं वांद्रे-कुर्ला संकुलातली, म्हणजे दादरला उतरणं सोयीचं. पण तिकीट सीएसएमटीपर्यंतचं होतं आणि पैसे भरलेलं अंतर सोडून देणं काकांना पटेना. काका निवृत्त मुख्याध्यापक, विषय इतिहास. त्यांनी भर गर्दीत बॅगा खाली ठेवायला लावून १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीवर पोरांचा तास घेतला. मग सगळे भुयारी मेट्रोत बसले. ही मेट्रो गार आहे, झकपक आहे, आणि तिच्यातून मुंबई अजिबात दिसत नाही. काळबादेवी, गिरगाव, वरळी ही सगळी ठिकाणं डोक्यावरून गेली. काकूंची तक्रार नव्हती. महालक्ष्मी स्टेशनाची घोषणा झाली तेव्हा त्यांनी छताकडे पाहून हात जोडले, सिद्धिविनायकला पुन्हा जोडले. समोरच्या कानात बोंडं घातलेल्या तरुणानेही छताकडे पाहून घेतलं.

केंद्रात मोबाइल आत नेता येत नाही. त्यामुळे पाचजण बाहेर सर्वांचे फोन, पिशव्या आणि भडंगाचा डबा सांभाळत उभे. मिठी नदीकाठच्या खाजणावर उभ्या राहिलेल्या या काचेच्या नगरीत हिऱ्यांचा बाजार आहे, बँकांची मुख्यालयं आहेत; पारावर बसावं तसं बसायला मात्र जागा नाही. आत काकांनी चष्मा काढला, कारण व्हिसाच्या फोटोत चष्मा चालत नाही. मग डाव्या हाताची चार बोटं, उजव्या हाताची चार, आणि शेवटी दोन्ही अंगठे. ज्या माणसाने प्रौढ साक्षरतेच्या वर्गात निम्म्या गावाला अंगठ्यावरून सहीवर आणलं, त्याला अमेरिकेने सहीवरून अंगठ्यावर आणलं.

बुधवारी पोरांना पेंग्विन बघायचे होते. दक्षिण कोरियातून २०१६ साली आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याला राणीच्या बागेत वातानुकूलित खोलीत राहतात. दोन टॅक्स्या करून मंडळी फाटकाशी उतरली, भाडं चुकतं झालं, आणि मग टॅक्सीवाल्याने सांगितलं की बाग बुधवारी बंद असते. हे त्याला बसतानाही ठाऊक असणार, असं धाकट्या बहिणीचं आजही मत आहे.

त्याच टॅक्स्या महालक्ष्मीच्या देवळाकडे वळल्या. याच भुलाभाई देसाई रस्त्यावर पूर्वी अमेरिकेची वकिलात होती: वांकानेरच्या महाराजांचा वाडा, १९५७ साली ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेला, नाव लिंकन हाउस. २०११ मध्ये वकिलात संकुलात हलली. एकाच रस्त्यावर मुलाखत देऊन लगेच देवीला नारळ फोडण्याची सोय त्यामुळे गेली, आणि या गैरसोयीची नोंद कुठल्याच परराष्ट्र धोरणात नाही. ‘नऊशे नव्व्याण्णव वर्षांचा करार करून चौपन्न वर्षांत उठले,’ काकू म्हणाल्या, ‘आणि आपल्याला विचारतात, परत जाणार का म्हणून!’

ते विचारतात हे खरं. अमेरिकेच्या १९५२च्या कायद्यात २१४ (ब) नावाचं एक कलम आहे. पर्यटक व्हिसा मागणारा माणूस तिकडेच राहायला निघाला आहे असं ते धरून चालतं. तसं नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचं. काकांना कऱ्हाड ओलांडलं की घरची ओढ लागते. तरी त्यांनी सातबारा, घरपट्टी, निवृत्तिवेतनाचा कागद आणि कारखान्याची उसाची बिलं फाइलला लावली होती.

गेटवेसमोर या कलमाचा त्यांनी खरा समाचार घेतला. राजा पंचम जॉर्ज १९११च्या डिसेंबरात इथे उतरला तेव्हा ही कमान पुठ्ठ्यातच होती. दगडी कमान खुली झाली १९२४ साली. ‘म्हणजे पाहुणा आधी आला, दार मागनं बसवलं,’ काका म्हणाले. ‘आणि यांची कंपनी आली कशाला? व्यापाराला! १६६८ साली राजाकडून हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने घेतलं. शेवटची गोरी पलटण याच दारातून बाहेर पडली २८ फेब्रुवारी १९४८ला. कुणी सातबारा मागितला होता का?’ आसपासच्या दोन फोटोवाल्यांनी धंदा सोडून हे ऐकलं. मग शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासमोर सातहीजणांचा फोटो निघाला, त्यात टॅक्सीवालाही आहे. का आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

गुरुवारची मुलाखत भडंग संपायच्या आत आटोपली. काकांनी रात्रभर इंग्रजी वाक्यं घोकली होती. मुंबईत मुलाखत मराठीतूनही देता येते, आणि खिडकीपलीकडून मराठीतच प्रश्न आला: कोणाकडे जाताय? काका इंग्रजी वाक्य शोधत राहिले. तेवढ्यात काकूंनी लेक, जावई, डोहाळे, कितवा महिना आणि डिंकाचे लाडू एवढं सगळं सांगून टाकलं. फाइल उघडायला कुणी सांगितलंच नाही. पासपोर्ट ठेवून घेतले. म्हणजे काम झालं.

‘उसाची बिलं तरी बघायची होती,’ काका बाहेर येऊन म्हणाले.

पासपोर्ट जादा पैसे भरून घरपोच मागवता येतात, ही माहिती पुतण्याने जेवताना दिली. काकूंनी ती बाद केली. एवढी मोलाची वस्तू, स्वतः जाऊनच आणायला हवी. सोबत कोण, यावर थोरल्या जावेने आणि शेजारच्या वहिनींनी नावं दिली आहेत. मोठ्या पोराने कॅलेंडरवरच्या सगळ्या बुधवारांवर लाल फुल्या मारून ठेवल्या आहेत.