नियमात बसत नाही

फिल्टरकाकांना मेल पाठवली की लगोलग फोनही करावा लागतो. "काका, मेल पाठवलीय." पलीकडून पहिला प्रश्न, "विषयात काय लिहिलंय?" आपण सांगतो. मग माऊसची टिकटिक, एक लांबलचक हुंकार आणि निकाल: "हं, जंकमध्ये आहे. नियमात बसत नव्हती."

असे एक काका तुमच्याही सोसायटीत असणारच. सगळं जग फोनवर अंगठा फिरवून मेल वाचतं, यांच्या टेबलावर मात्र अजून कव्हर घातलेला कॉम्प्युटर असतो आणि त्यात मेल वाचायला थंडरबर्ड. आपल्या गॅस सिलिंडरचा नंबर कधी लागणार हे यांना ठाऊक नसतं, पण 'टूल्स'मधले 'मेसेज फिल्टर्स' ते झोपेतही उघडतील.

आमचे काका जिल्हा परिषदेत बारनिशीला होते. म्हणजे आवक-जावक. उभा जन्म पाकिटांवर गोल शिक्का मारण्यात गेला. निवृत्तीनंतर मुलाने कॉम्प्युटर आणून दिला आणि काकांना पुन्हा टेबल मिळालं. तेव्हा एक्सपी होतं, त्यात आउटलुक एक्सप्रेस, आणि त्यात नको असलेला माणूस कायमचा अडवण्याची सोय. काका रोज सकाळी आंघोळीआधी पाच-पन्नास पाठवणाऱ्यांना ब्लॉक करत. "बघा, एकदा ब्लॉक केलेला माणूस पुन्हा दारात आला नाही!" असं ते अभिमानाने सांगत. खरंच होतं ते. फुकट्या मेलवाले पाठवणाऱ्याचा पत्ता दरवेळी नवा आणि खोटाच टाकतात. त्यामुळे तो पत्ता एरवीही परत येणार नव्हताच. पण हे काकांना सांगायचं कोणी?

२०१४ च्या एप्रिलमध्ये एक्सपीचं दुकान बंद झालं आणि काका थंडरबर्डवर आले. त्यातला जंक फिल्टर शिकणारा आहे. आपण नको त्या मेलला 'जंक' म्हणत गेलो की त्यातले शब्द तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या मेलची शक्यता मांडतो. यामागचं गणित थॉमस बेझ नावाच्या इंग्लिश पाद्र्याचं, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापलं गेलेलं. २००२ मध्ये पॉल ग्रॅहमने एका निबंधात ते मेल गाळायला कसं वापरावं ते मांडलं आणि मग ते घरोघर पोचलं. काकांचा या शिकाऊ फिल्टरवर काडीचा विश्वास नाही. "अनुकंपा तत्त्वावर लागलेला आहे तो," असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी स्वतःचे नियम केले. अमुक शब्द मेलमध्ये कुठेही दिसला की मेल जंकमध्ये. लॉटरी, लोन, फ्री आणि इंग्रजीतला 'विन', डब्ल्यू-आय-एन.

घोटाळा झाला तो या शेवटच्या तीन अक्षरांनी. फिल्टरला शब्द कळत नाही, तो फक्त ती तीन अक्षरं शेजारी-शेजारी आहेत का एवढंच बघतो. काकांच्या पुतणीचं नाव अश्विनी. इंग्रजीत लिहून बघा. तिच्या साखरपुड्याची मेल जंकमध्ये गेली. गणपतीतल्या मुलांच्या 'ड्रॉइंग' स्पर्धेची मेल जंकमध्ये. आणि काका राहतात बी विंगमध्ये! विंगसुद्धा इंग्रजीत लिहून बघा. गच्चीची गळती, पाण्याच्या टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती, बी विंगचं जे जे म्हणून होतं ते सगळं थेट जंकमध्ये.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस १४ दिवस आधी गेली होती. काका मात्र खाली खुर्च्या मांडलेल्या बघून आले, आणि आयत्या वेळच्या विषयांत उभे राहून "मला नोटीसच नाही" म्हणून त्यांनी सभा बेकायदा ठरवायची मागणी केली. सेक्रेटरींनी मेल दाखवली. काकांनी चष्मा वर केला, वाचली आणि शांतपणे म्हणाले, "नियमात बसत नव्हती."

"काका, त्या शब्दाच्या मागेपुढे एकेक स्पेस टाका," मी सुचवलं.

"एकदा काढलेलं परिपत्रक असं बदलता येत नाही."

हल्ली तर आणखीच पंचाईत. लॉटऱ्या आणि गोळ्यावाले मेलसेवेच्या सर्व्हरवरच अडवले जातात, काकांच्या मशीनपर्यंत सहसा पोचतच नाहीत. त्यामुळे काकांचे नियम आता पकडतात ते फक्त घरच्यांना. पुतणी, सोसायटी, साठ वर्षांचा मित्र.

सर्व्हरची चाळणी चुकवून जे दोन-चार येतात त्यांना मात्र काका न्याय देतात. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की अशी प्रत्येक मेल ते पूर्ण वाचतात. न वाचता दफ्तरी दाखल करणं नियमात बसत नाही. नायजेरियातल्या फसवणुकीच्या पत्रांना तिथल्या कायद्यातल्या कलमावरून ४१९ म्हणतात. "आपल्यापेक्षा एकाने कमी," असं ते समाधानाने सांगत. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, ४२० चं ३१८ झालं, तेव्हा काका दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. ३ मे १९७८ ला गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने चारेकशे लोकांना पहिली जाहिरात-मेल धाडली, ही गोष्टही तोंडपाठ. त्यात पत्त्यांची यादी एवढी लांबली की उरलेले पत्ते मजकुरात सांडले. "प्रतिलिपी वाढल्या की असंच होतं," यावर काकांचा शेरा. आणि २००४ मध्ये बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत जंक मेलचा प्रश्न सुटेल, म्हणून त्यांची खातेनिहाय चौकशी झाली पाहिजे, असंही ते म्हणतात.

हे सगळं असूनही एक गोष्ट नाइलाजाने लिहायला हवी.

तळमजल्यावरच्या काकूंना आयकराचा परतावा मंजूर झाल्याची मेल आली. इंग्रजी नम्र, लॉटरी नाही, 'विन' नाही. सर्व्हरने सोडली, त्यांच्या फिल्टरनेही सोडली. काकू हातात डेबिट कार्ड घेऊन बसल्या होत्या, आणि वर्गणीच्या पावतीसाठी काका तिथे टेकले. त्यांनी मजकुराकडे पाहिलंही नाही. आधी पाठवणाऱ्याचं नाव बघितलं, मग त्यामागचा पत्ता. नाव खात्याचं, पत्ता भलत्याच गावचा, शेवटी 'गव्ह डॉट इन'चा मागमूस नाही. मग लिंकवर माऊस नुसता टेकवला, क्लिक केलं नाही. खालच्या पट्टीत तिसराच पत्ता उमटला. "आणि हे 'डियर कस्टमर' काय? करदाता कस्टमर कधीपासून झाला?" काकूंच्या हातातलं कार्ड त्यांनी काढून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. "वहिनी, पत्र मागाहून वाचायचं असतं. आधी पाकीट बघायचं."

हे त्या दिवशी कुठल्याही फिल्टरला दिसलं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या बारनिशीत ज्याने हजारो पाकिटं उलटीपालटी केली त्यालाच ते दिसलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी काकांच्या वळणदार अक्षरात कागद लागला: सायबर फसवणूक झाल्यास १९३०. खाली तारीख, सही आणि जावक क्रमांक.

येत्या सभेत सेक्रेटरीपदासाठी मी काकांचं नाव सुचवणार आहे. बी विंगच्या सभासदांनी कृपया अनुमोदन द्यावं. नोटीस तेवढी फलकावर लावू, मेलने नको.