गडग्यावरून समुद्र

"अगो, कोपऱ्यावरच्या इंजिनिअरांनी घरात समुद्र आणलाय म्हणे! बघितलास का?" जास्वंदीची परडी गडग्यावर टेकवत काकूंनी सुरुवात केली.

"बघितला. पण आणला नाही हो काकू, घरीच कालवला."

"कालवला? भाट्याला जाऊन दोन कॅन भरून आणायला काय धाड भरली होती?"

काकूंचा प्रश्न तसा रास्तच. रत्नागिरीत राहायचं आणि समुद्राचं पाणी विकतच्या मिठाने करायचं, हे ऐकणाऱ्याला खुळचटपणाचंच वाटणार. पण भाट्याला काजळी नदी येऊन मिळते. पावसात सगळा गाळ तिथे उतरतो आणि पाण्याचा खारटपणाही घटतो. त्यात होड्यांचं डिझेल. म्हणून इंजिनिअर पाकिटातलं मीठ आणतात.

"मग वाण्याकडे काय साखर मिळते?"

"वाण्याच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड, वर आयोडीन. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही विरघळलेलं असतं. ते सगळं घातलेलं तयार मिश्रण मिळतं. लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 100 लिटरला साडेतीन किलो. कालवलं की एका दुर्बिणीसारख्या नळीत थेंब टाकून डोळ्याला लावायचं. घनता 1.025 च्या आसपास आली की झालं."

"आणि पाणी आपल्या विहिरीचं ना? अमृत आहे!"

"तुम्हाआम्हाला अमृत. त्यातले फॉस्फेट-नायट्रेट टाकीत गेले की शेवाळ माजतं. आपला पिण्याचा आरओसुद्धा चालत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे क्षार मुद्दाम ठेवतात. यांनी पुढे रेझिनचं वेगळं नळकांडं जोडलंय. मीटरवर टीडीएस शून्य दिसल्याशिवाय त्या पाण्यात मीठ पडत नाही."

काकूंनी एक जास्वंद उगाचच पालथी-उताणी केली. खरी बातमी अजून आलेली नव्हती. "ते असू दे. त्यांची बायको सांगत होती, महिनाभर नुसते दगड बघत बसले होते म्हणून."

खरं होतं ते. सच्छिद्र दगड, तळाला पांढरी वाळू, वर निळसर दिवा, आणि आत कुणीच नाही. येणारा-जाणारा विचारायचा, मासे कुठेत? ती बिचारी सांगून सांगून दमली. पण या छंदात सगळ्यात महत्त्वाचं काम त्याच दिवसांत होतं. टाकीत काहीही कुजलं की अमोनिया होतो, आणि तो माशांना विष. दगडाच्या छिद्रांत आधी एका जातीचे जिवाणू बसतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे येतात, ते नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. इंजिनिअर चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचे आणि परीक्षानळीतला रंग बघायचे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य असं दोन्हीकडे आल्यावर मगच गडी हलला. दुकानदाराच्या भरीला पडून पहिल्या आठवड्यात मासे टाकणारे बहुतेक तिथेच हात पोळून घेतात.

"आणि ती सगळीकडे तपकिरी घाण धरली होती ती?"

"डायटम. नव्या टाकीत येतातच, आपोआप जातात. गोगलगायी सोडल्या, त्यांनी चाटून साफ केलं."

"शी! गोगलगायी विकत?"

"विकत. आणि शंखातले खेकडेसुद्धा."

काकूंनी कपाळाला हात लावला. आपल्या मागच्या अंगणात फुकट वावरणाऱ्या जिवांना किंमत असते, हे त्यांच्या पचनी पडेना. (त्या गोगलगायी निराळ्या, हे सांगायच्या फंदात मी पडले नाही.)

"बरं, ते पोवळं म्हणतात ते आलं का?"

"आलं तर! पण अंगठीतलं नव्हे. हे मऊ प्रवाळ. आत दगडी सांगाडाच नाही, म्हणून कॅल्शियमचे लाड पुरवावे लागत नाहीत आणि नवशिक्याला झेपतं. एक चामडी कोरल आहे, भूछत्रासारखं. जवळून बघा काकू, वरच्या तबकडीवर बारीक बारीक फुलं उमललेली असतात, आणि प्रत्येक फुलाला बरोब्बर आठ पिसं. परवा ते रुसलं. फुलं मिटली, अंगावर मेणचट चकाकी आली. इंजिनिअरांच्या बायकोला वाटलं मेलं, ती टाकून द्यायला निघाली होती. चार दिवसांनी वरची पातळ साल सुटून पंपाच्या झोतात वाहून गेली आणि हे पुन्हा टवटवीत. कात टाकतं ते अधूनमधून."

"खायला काय घालतात त्याला?"

"फारसं काही नाही. त्याच्या अंगातच सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न करतं आणि यजमानालाही देतं. म्हणून तर तो निळा दिवा. आणखी एक हिरवं गवतासारखं आहे, स्टार पॉलिप. ते मात्र डांबरट. दगडावरून सरकत सरकत सगळीकडे पसरतं."

"म्हणजे आपल्या पलीकडच्या शेजाऱ्यासारखं! दरवर्षी गडगा वीतभर इकडे."

"तस्संच. म्हणून त्याला वाळूत सुट्टा दगड दिलाय, हद्दीला कुठे चिकटणार नाही असा."

काकू प्रसन्न झाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी पूर्वी मालवणाहून पांढरं फांद्यांचं पोवळं आणलेलं, शोकेसमध्ये आहे. देऊ का त्यांना?"

"काकू, ते कुणाला दाखवूसुद्धा नका! दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, हे सगळं 2001 साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेलं, वाघाच्या पंगतीला. मालवणचा समुद्र तर 1987 पासून अभयारण्य आहे. किनाऱ्यावरून उचलून टाकीत घालायचा प्रश्नच नाही. मऊ प्रवाळ टाकीतच वाढतं. मशरूम कोरल कापलं की दोन्ही तुकडे जगतात, असे तुकडे छंदिष्ट एकमेकांना देतात. घेताना कुठून आलं ते विचारायचं आणि पावती मागायची."

"कापायचं कशाने? विळीवर?"

"पात्याने, आणि हातमोजे घालून. विशेषतः झोअँथिड नावाची बटणं असतात, त्यांच्यातल्या काहींत जबर विष असतं. ती चिकटलेला दगड साफ करायला उकळायचा तर अजिबातच नाही. त्या वाफेने माणसं हॉस्पिटलात गेलेली आहेत."

परडीतल्या फुलांना मुंग्या लागल्या, तरी काकू हलेनात. "आणि मासे?"

"एक जोडी आहे, नारिंगी-पांढरे पट्टेवाले. क्लाउनफिश. त्यांच्यात सगळे जन्मतात नर. त्यातला मोठा होतो ती मादी. ती मेली की तिचा नवरा मादी होतो."

काकू क्षणभर गप्प. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की समोरची कुत्री भुंकायला लागली. "हे आमच्या ह्यांना सांगते. चहा करायला उठत नाहीत ते!"

"आणि दोघं त्या चामडी कोरलमध्ये अंग घासत झोपतात. अ‍ॅनिमोन हवंच असं नाही. नवशिक्याने ते घेऊही नये. ते चालत सुटतं आणि पंपात अडकतं."

"पण म्हणे बिल फार आलंय त्यांचं?"

इथे मात्र काकूंनी नेमकं बोट ठेवलं. या पाण्याला 24 ते 27 अंश लागतात आणि आपला मे महिना कसा असतो ते काय सांगायचं! पाणी तापलं की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. 1998, 2010 आणि 2016 साली लक्षद्वीपच्या प्रवाळांचं हेच झालं. पुण्याकडे कोरड्या हवेत पाण्यावर पंखा लावला की दोन अंश उतरतात. आपल्या दमट हवेत पाणी उडतंच कमी, त्यामुळे पंखा पुरा पडत नाही. मग चिलर आला.

"माशांना एसी! आणि ह्यांना टेबलफॅन!"

"वर लाइट गेली की बॅटरीचा हवापंप. आणि रोज उडालेलं पाणी भरायचं ते गोडं, खारं नाही. मीठ उडत नाही ना! खारं भरत राहिलं तर महिन्यात लोणचं. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, तेवढं मात्र खारं."

काकू परडी उचलायला लागल्या, पण पाय निघेना. "आमचा भाचा मागे लागलाय, त्यालाही असंच करायचंय. काय सांगू?"

"त्याला सांगा, सुट्टीत आला की आधी झाडगावचं मत्स्यालय बघ. मग 100 लिटरच्या खाली जाऊ नको, टाकी जितकी लहान तितकं पाणी लवकर बिघडतं. दगड-पाण्यासह दीडशे किलो भरतील, तेव्हा टीपॉयवर ठेवू नको. जिवाणूंची वस्ती बसली की पहिले दोन महिने दोन मशरूम आणि एक चामडी, बस्स. आणि टाकीची किंमत विचारायच्या आधी चिलरची विचार. तेवढी तयारी नसेल तर गोड्या पाण्यात गप्पी पाळ, ते डासांच्या अळ्या तरी खातात."