पाणी जायलंय कुठं?

जालन्याच्या माणसाची केरळशी ओळख जुनी, पण ती वर्तमानपत्रातून झालेली. मे सरत आला की पहिल्या पानावर 'मान्सून केरळात दाखल' अशी बातमी येते आणि तिथून पुढं दहा-पंधरा दिवस अख्खा जिल्हा त्या पावसाच्या मागावर असतो. कारवारला आला, रत्नागिरीत थबकला, कोकणात धो-धो, आणि आपल्याकडं नुसतंच भरून येतंय. केरळ हे पावसाचं आजोळ असून तिथले लोक त्याला लाडानं ठेवून घेतात, लवकर पाठवत नाहीत, असा पारावरचा जुना संशय आहे. आकडे पाहिले तर हा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. केरळात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जालना जिल्ह्यात सातशेच्या आसपास, आणि तोही पडला तर. 'जालना, सोने का पालना' ही म्हण गावाला अजून शोभते. पाळण्यात सळई आहे, सरकी आहे, बियाणं आहे. पाणी तेवढं टँकरनं येतं.

अशा मुलखातून भाऊबीज उरकून, आठवडाभर केरळात 'काही न करता नुसतं पडायला' निघालेला एक गट डोळ्यांपुढं आणावा. त्यात अंबडकडचे मोसंबीवाले आबा आहेत. 2012-13च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर बाग जगवलेला हा माणूस. परक्याच्या घरी नळ टपकताना दिसला तरी उठून बंद करणारा. त्यांच्या सौभाग्यवती सगळ्यांच्याच काकू. सळईच्या धंद्यातले भाऊ आणि वहिनी. आणि निवृत्त मास्तर, ज्यांना कुठल्याही गोष्टीचं साल ठाऊक असतं आणि ते सांगितल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

सामानाची निम्मी बाजू काकूंची. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट हे गाडीपुरतं; आणि पुढच्या अडीअडचणीला येसराचा डबा. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाला एकत्र खमंग भाजून दळलेलं पीठ. उकळत्या पाण्यात सोडलं की मराठवाड्याची आमटी तयार. काकूंनी केरळविषयी प्रवासाआधी एकच चौकशी केली होती, "तिथं गॅस असतो ना?"

रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं ठाणं, तिथून दुपारी नेत्रावती. कोकण रेल्वेचे बोगदे मोजायचं भाऊंनी मनावर घेतलं आणि साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात त्यांना झोप लागली. ही रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली आणि ती बांधणारे ई. श्रीधरन मूळचे केरळचेच, हे मास्तरांनी झोपलेल्यांनाही सांगितलं. आबा खिडकीशी बसून होते. मडगावपर्यंत त्यांनी नद्या मोजल्या, मग सोडून दिलं. प्रत्येक पुलावर त्यांचा प्रश्न एकच, "हे एवढं पाणी जायलंय कुठं?"

"समुद्राला, आबा."

"मग अडवीत का नाहीत?"

एर्नाकुलमच्या पहिल्याच हॉटेलात वेटरनं स्टीलच्या पेल्यांत कोमट, गुलाबीसर पाणी आणून ठेवलं. आबांनी पेला उजेडात धरला, वास घेतला आणि निकाल दिला, "टँकरचं दिसतंय." केरळात पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून पाणी उकळतात, त्याला 'पतिमुगम' म्हणतात, आणि तो रंग त्या लाकडाचा असतो. पाण्याचा सुकाळ असलेली माणसं पाणी उकळून, रंगवून, औषधी करून पितात याचं आबांना नवल वाटलं. पाणी कमी असलं की त्याचे एवढे लाड करायला कुणाला सवड असते? जेवणात लाल, जाडा मट्टा तांदूळ आला. करडईच्या तेलावर वाढलेल्या जिभांना खोबरेल तेलातली भाजी पहिल्या घासाला बिचकवते. वहिनींनी दोन घास खाल्ले आणि नकळत केसांवरून हात फिरवला. तिसऱ्या दिवसापासून मात्र त्याच वहिनी सकाळी अप्पम आणि इष्टू मागवताना दिसल्या, आणि त्याबद्दल कुणी छेडलेलं त्यांना खपत नव्हतं.

फोर्ट कोचीत चिनी जाळी पाहिली. मोठमोठ्या धोंड्यांच्या वजनावर ती जाळी वरखाली होतात. ओढायला चार-पाच माणसं लागतात आणि बघायला चारशे. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला 1524 साली पुरलं होतं आणि पुढं त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. "म्हणजे इथं आता कोणीच नाही?" असं विचारून भाऊ बाहेर चहाला गेले. मास्तरांची खरी कळी खुलली ती मट्टनचेरीत. कोकणी बोलणारी माणसं इथं काही शतकांपासून नांदताहेत. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यानं मलबारातल्या वनस्पतींवर 'होर्टुस मलाबारिकुस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ काढला, त्याचा पहिला खंड 1678 साली अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांची साक्ष आहे, नागरी लिपीतली. मास्तर हे रस्त्यात उभं राहून सांगत होते आणि गटाचं लक्ष पलीकडच्या केळ्याच्या वेफर्सच्या कढईकडं होतं. कढईत खोबरेलच होतं. वेफर्स दोन किलो घेतले.

मराठी ऐकायला मिळालं ते मात्र सोन्याच्या पेठेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. केरळसारख्या सोन्याच्या शौकीन राज्यात ती नसती तरच नवल. एका अरुंद जिन्याच्या तोंडाशी भट्टीजवळ बसलेल्या माणसानं वहिनींचं बोलणं ऐकून मान वर केली आणि म्हणाला, "पावणं कुठलं म्हणायचं?" जालना म्हटल्यावर त्यानं चहा सांगितला. दोघंही दुष्काळी पट्ट्यातले निघाल्यानं पहिली दहा मिनिटं पावसावर गेली. त्यानं सांगितलं, की गावाकडच्या टँकरची बातमी तो अजून रोज फोनवर वाचतो. आणि इथं? इथं पावसाळ्यात भट्टीचा कोळसा कोरडा ठेवायचं काम मोठं. आबांनी हा प्रश्न असू शकतो हे मनातल्या मनात नोंदवून ठेवलं.

मुन्नार एका परिच्छेदाच्या वर मागत नाही. चहाचं झाड मुळात उंच वाढणारं असतं, त्याला छाटून छाटून कमरेएवढं ठेवतात. डोंगर इस्त्री केल्यासारखे दिसतात ते त्यामुळं. नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. 2018 साली फुलली, आता 2030. गाइडनं मोबाइलमधले निळे डोंगर दाखवले, समोर हिरवे होते. मास्तरांनी 2030 ही नोंद वहीत केली. काकूंनी थंडीत मफलर काढला आणि आवाज न चढवता विचारलं, "पाच वर्षं वही सापडंल का?"

दुपारनंतर पाऊस आला. जालन्यात परतीचा पाऊस म्हणजे कापूस भिजवायला येणारा पाहुणा. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाचा दुसरा हंगामच असतो. आबा गाडीतून उतरून झाडाखाली उभे राहिले. "दोनदा? वर्षातून दोनदा?" असं ते म्हणाले आणि बराच वेळ ड्रायव्हरशी बोलले नाहीत.

पण त्यांचा दिवस दुसऱ्या दिवशी उगवला. वाट वाकडी करून ड्रायव्हरनं इडुक्कीचं धरण लांबून दाखवलं. कुरवन आणि कुरत्ती या दोन टेकड्यांमध्ये अडकवलेली कमानदार भिंत, उंची 168 मीटरच्या वर. भाऊंनी पहिल्यांदा धंद्याचा प्रश्न विचारला, "सळई किती टन लागली असंल?" अशा भरीव काँक्रीटच्या भिंतींत सळई मानानं फारच थोडी असते, पाण्याचा रेटा कमानीवरून दोन्ही बाजूंच्या खडकांवर जातो. हे कळल्यावर भाऊंचा धरणातला रस संपला. आबांचा तिथं सुरू झाला.

"किती टीएमसी?"

मास्तरांनी फोनमध्ये पाहिलं. एकूण साठा सुमारे सत्तर टीएमसी.

"आणि आपलं जायकवाडी?"

"एकशे दोन."

शांतता पसरली. ती एका विजेत्याची शांतता होती. ज्या मुलखात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथलं सगळ्यात नावाजलेलं धरण आपल्या जायकवाडीच्या नाथसागरापेक्षा लहान! मास्तरांनी वर भर घातली, की 1976 सालच्या फेब्रुवारी महिन्यातच इंदिरा गांधींच्या हस्ते इडुक्कीचंही उद्घाटन झालं आणि जायकवाडीचंही. एकाच महिन्यातली दोन भावंडं. आबांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून हिंदीत सांगितलं, "हमारा डॅम इससे बडा है." ड्रायव्हरनं आदरानं मान हलवली आणि निरागसपणे विचारलं, "हर साल भरता है?"

यावर काकू म्हणाल्या, "अहो, चला, उशीर होतोय."

थेक्कडीचं तळं पाहताना आबांना अखेर एक समाधान मिळालं. हे तळं मुल्लपेरियार धरणाचं, 1895 सालचं. धरण केरळात, ताबा तामिळनाडूचा, आणि पाणी डोंगरातल्या बोगद्यातून पलीकडच्या कोरड्या तामिळ जिल्ह्यांना जातं. "कुणीतरी अडवलं की ओ! आणि कोरड्या माणसांना दिलं!" मास्तरांनी सांगितलं, की त्यावरून दोन राज्यांत वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालू आहे. आबांना एकदम घरच्यासारखं वाटलं. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, या भांडणावर त्यांनी ड्रायव्हरला पाऊण तास माहिती दिली. तत्त्व एकच: वरच्यानं सोडायचं नाही, खालच्यानं मागायचं थांबवायचं नाही.

मसाल्याच्या बागेत जालन्याचा दुसरा स्वभाव जागा झाला. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको काढली तेव्हापासून या गावात बियाण्यावर बोलणं ही सभ्य गप्पांची सुरुवात मानली जाते. बागेतला मुलगा वेलदोड्याचे आयुर्वेदिक गुण पाठ म्हणत होता, तेवढ्यात आबांनी विचारलं, "वाण कोणता? एकरी उतारा किती?" मुलगा गडबडला. मालकाला बोलवावं लागलं. मालकानं 'न्यल्लानी' या जातीचं नाव सांगितलं. ही भरघोस उत्पन्न देणारी जात इडुक्कीतल्याच एका शेतकऱ्यानं निवड करत करत काढलेली. लागवड फुटव्यांपासून, बियाण्याची गरजच नाही. "बियाणं लागतच नाही?" भाऊंनी आबांकडं पाहिलं. सगळ्या जालन्याच्या पोटावर पाय आल्यासारखे दोघं गप्प झाले.

शेवटचा मुक्काम आलप्पुळा, हाऊसबोटीवर. ही बोट म्हणजे पूर्वीची भात वाहणारी केट्टुवळ्ळम. फळ्या काथ्याच्या दोरानं शिवून, खिळ्याशिवाय केलेली. भाऊंनी खिळा नाही हे ऐकल्यावर आपली खुर्ची बोटीच्या मधोमध सरकवली. रात्रभर बोट चालेल अशी सगळ्यांची समजूत होती. पण संध्याकाळी कोळी जाळी टाकतात म्हणून बोटी काठाला बांधून ठेवतात. पैसे मोजून चिखलाच्या काठाला उभं राहायचं, हे वहिनींना पटेना.

पण आबांची रात्र सार्थकी लागली, कारण समोर कुट्टनाड होतं. इथली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि पेरणीआधीचं पहिलं काम म्हणजे रानातलं पाणी उपसून बाहेर टाकणं. बांधावर लाकडी पेटी आणि विजेची मोटार, असा 'पेट्टी आणि परा' नावाचा पंप धडधडत होता. एका बाजूला कालव्याची पातळी वर, दुसऱ्या बाजूला शेत खाली. मोटार शेतातून कालव्यात पाणी फेकत होती. आबा बांधावर उकिडवे बसले. हयातभर त्यांनी मोटार लावली ती पाणी यावं म्हणून. लाइट गेली म्हणून शिव्या दिल्या त्या पाणी येत नाही म्हणून. इथं लाइट गेली तर पाणी येतं. त्यांनी शेतकऱ्याला खुणेनं विचारलं, की हे पाणी फेकता कशाला? त्यानं खुणेनंच सांगितलं, की नाहीतर भात बुडेल. दोन शेतकरी एकमेकांकडं करुणेनं बघत राहिले.

इकडं बोटीच्या स्वयंपाकघरात काकूंनी ताबा घेतला होता. आचाऱ्यानं करीमीन मासा तळून ठेवला होता; काकूंनी शेजारच्या शेगडीवर पाणी उकळलं, येसर सोडलं, वरून लसणाची फोडणी दिली, आणि फोडणीला तेल खोबरेलच वापरावं लागलं. आचारी चमचाभर चाखून थांबला, परत चाखला, आणि डब्याकडं बोट दाखवून नाव विचारलं. काकूंनी त्याला अर्धा डबा बांधून दिला. वहिनींच्या मते आठवडाभरात काकू तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

परतीची नेत्रावती आलप्पुळाहूनच मिळाली. सामानात वेफर्स, हलवा, चहा, आणि आबांच्या मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मिरीची दोन रोपं. जात पन्नियूर-1, मिरीचा पहिला संकरित वाण, 1971चा. 'संकरित' म्हटल्यावर आबांना राहवलं नव्हतं. खालचा बर्थ रोपांना मिळाला, आबा वर चढले. काकूंना तहान लागली तेव्हा आबा म्हणाले पुढच्या स्टेशनात नळ असंल. गोणपाटावर मात्र रत्नागिरीपर्यंत बाटलीतलं पाणी शिंपडणं चालू होतं. ठाण्याला उतरताना मास्तरांनी शेवटी विषय काढलाच.

"आबा, मिरीला दोन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस लागतो. अंबडला कसं जमणार?"

"मोसंबीच्या बुडाशी लावतो. ठिबक आहेच."

"दोन हजार मिलिमीटर ठिबकनं?"

"मग हळूहळू देऊ की ओ. घाई कुणाला हाय?"