चि. सायकलविक्रेत्यास अनेक आशीर्वाद

चि. विक्रेताशिरोमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, तू मला विकलेली सायकल अजून शाबूत आहे आणि मीही आहे. दोन्हींचं तुला नवल वाटेल म्हणून मुद्दाम कळवते. तुझं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही. पुण्यात तुझे भाऊबंद बरेच आहेत, प्रत्येकाला पत्र आपल्यालाच आलंय असं वाटू दे.

तुझ्या त्या गारेगार दुकानात शिरले तेव्हा तू विचारलंस, "नातवासाठी का काकू?" "माझ्यासाठी," म्हटल्यावर तुझा चेहरा असा काही उजळला! "वा! मग सिंहगड करणार की थेट पुणे-गोवा?" मी म्हटलं, मंडईत जायचंय. एवढं एकच वाक्य तुला ऐकू आलं नाही.

मी लेडीज सायकल मागितली. मधला दांडा नसलेली, पाय सहज पलीकडे टाकता येईल अशी. तू हसलास. "काकू, ती आता कोणी घेत नाही." बरोबर आहे रे. ॲटलाससारख्या कंपनीचा साहिबाबादचा कारखानाही ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि तो दिवस होता जागतिक सायकल दिनाचा. तेव्हा जुनं ते गेलं, हे तुझं म्हणणं मान्य. फक्त नेदरलँड्समध्ये कोणीतरी हे कळवायला हवं. तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आणि त्यांतल्या कितीतरी अशाच: ताठ बसायच्या, मडगार्डवाल्या, चेनवर पूर्ण झाकण असलेल्या. कॉलेजातली पोरंही त्या दामटतात. बिचाऱ्यांना तुझ्यासारखा सल्लागार मिळाला नाही. आणि "कोणी घेत नाही" हे तू कशावरून ठरवलंस? दुकानात ती ठेवलेलीच नसेल तर घेणार कोण?

मग तू काढलीस ती काळी, एकवीस गिअरची. घंटा? "ॲक्सेसरी." मडगार्ड? "ॲक्सेसरी." स्टँड, कुलूप, दिवा? सगळ्या ॲक्सेसरी. मग मूळ किमतीत नेमकं आलं काय, हे विचारायचं मी सौजन्याने टाळलं. कॅरिअर मागितलं तेव्हा तू कळवळून म्हणालास, "काकू, उगाच वजन वाढतं." ज्या बाईला चार किलो बटाटे आणायचेत, तिच्या कॅरिअरच्या वजनाची काळजी! आम्ही कॉलेजला जायचो तेव्हा मागच्या चाकाला रंगीत दोऱ्यांची जाळी असायची, साडीचा पदर आऱ्यांत जाऊ नये म्हणून. बनवणाऱ्याने निदान एवढा विचार केलेला असायचा की ही वस्तू कोण चालवणार आहे आणि काय नेसून. दिवा नसला की पोलीस धरायचा, डबलसीट दिसलं की धरायचा, नगरपालिकेचा बिल्ला नसला तरी धरायचा. सायकल ही तेव्हा वाहनात मोडायची. आता ती व्यायामशाळेत मोडते.

आता तुझ्या खास कर्तबगारीकडे येते. सीट. विळीच्या पात्यावर काळं रेक्झिन चढवल्यासारखी ती वस्तू. बाईच्या बसायच्या हाडांमधलं अंतर साधारणपणे पुरुषापेक्षा जास्त असतं, त्यामुळे सीट मागे रुंद लागते, हे सायकलींच्या धंद्यात असून तुला माहीत नसणं शक्य नाही. तरी तू म्हणालास, "सवय होते." कोणाला रे? सीटला?

वर ती सीट तू पार खाली केलीस. "दोन्ही पाय जमिनीला टेकले की काकूंना भीती नाही वाटणार." किती माया! पण सीट खाली असली की प्रत्येक पायडलला गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. टाच पायडलवर ठेवावी, पायडल सगळ्यात खाली न्यावं, तेव्हा गुडघा सरळ झाला की उंची बरोबर. मग चवड्याने मारताना तो जरासा वाकलेला राहतो. हे पाहायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट तू मला हेल्मेटचे रंग दाखवण्यात घालवलंस. गुडघे बदलणाऱ्या एखाद्या सर्जनशी तुझं काही ठरलेलं असेल तर तसं सांग, मी गैरसमज करून घेणार नाही.

लोक म्हणतात, सायकल एकदा आली की विसरत नाही. तोल विसरत नाही, हे खरं. पण तोल म्हणजे सायकल नव्हे. टांग मारायला लागते ती कंबर, उजवीकडे वळताना मागे बघायला लागते ती मान, आणि या दोघींची स्मरणशक्ती साठीनंतर बेताचीच. म्हणून आरसा मागितला. तू म्हणालास, "प्रोफेशनल दिसत नाही काकू." कर्वे रस्त्यावर मागून बस येत असताना मी प्रोफेशनल दिसते की नाही, ही विवंचना मला खरंच रात्ररात्र झोपू देत नाही.

गिअरना मात्र मी नावं ठेवणार नाही. कोथरूडहून मंडईला जाताना उतार आणि येताना चढ, तोही भाजीसकट. पुढची चकती लहान आणि मागची मोठी केली की पाय हलके होतात. आमच्या जुन्या सायकलीवर हे सुख नव्हतं. पण पायडल फिरल्याशिवाय चेन सरकत नाही, म्हणजे गिअर सिग्नलला थांबण्याआधी उतरवायचा, थांबल्यावर नाही, हे कोणी सांगायचं? एकवीस हा आकडा तू पाच वेळा उच्चारलास. त्यातला कुठला कशासाठी, हे एकदाही नाही. जड गिअरवर हिरवा दिवा लागल्यावर मागच्या रिक्षावाल्याने जे ज्ञान दिलं, ते इथे छापता येणार नाही.

आणि तो टायरचा बारीक, टोकदार व्हॉल्व्ह! आमच्या पंक्चरवाल्याने त्याकडे पाहिलं, आपल्या पंपाच्या नळीकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे कुठून आणलं?" पितळेचा एक छोटा अडॅप्टर लावला की काम होतं. तुझ्या गल्ल्याशेजारच्या बरणीत ते भरून ठेवलेले असतात. ॲक्सेसरी!

त्याच पंक्चरवाल्याने मग रविवारी जुन्या बाजारातून स्प्रिंगवाली रुंद सीट आणली. हँडल उंच करून दिलं, कॅरिअर, स्टँड, आरसा आणि घंटा लावली आणि तुझ्या सायकलीची दोन तासांत सायकल केली. दांडा तेवढा त्यालाही काढता आला नाही. तेव्हा मी ती आडवी कलती करून पाय टाकते आणि जाता-येता लोक बघतात, बघू देत.

आता कामाचं. माझ्या दोन मैत्रिणींना सायकल घ्यायची आहे, दोघीही साठीच्या पुढच्या. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरी दिसायला गरीब पण भांडायला माझ्यापेक्षा हुशार. येत्या शनिवारी आम्ही तिघी येतो. दांडा नसलेल्या दोन सायकली मागवून ठेव. नसतील तर तोंडावर "नाहीत" म्हण, "कोणी घेत नाही" म्हणू नकोस. आणि सीटची उंची बघायला पान्हा हाताशी ठेव.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
मंडईवाली काकू

ता. क. : हेल्मेटचा रंग छान आहे. त्या कामात तू खरंच तरबेज आहेस.