पत्रवाले तात्या

एसटी विजयदुर्गला थांबते आणि आपण कंबर सरळ करतो न करतो तोच पत्रवाले तात्या समोर उभे. खांद्यावर पंचा, काखेत छत्री, खिशात चष्म्याची रिकामी डबी.

"किल्लो बघूक इलास? मगे तेच्या आदी साहेबाचा पत्र आयका!"

असा एकजण गावोगाव असतो. कुणाच्या माळ्यावर मोगलांची तोफ असते, कुणाच्या पणजोबांनी टिळकांना चहा पाजलेला असतो. तात्यांकडे पत्र आहे. 1868 सालचं खग्रास ग्रहण बघायला आलेल्या एका कोवळ्या गोऱ्या अधिकाऱ्याने विलायतेत आईला लिहिलेलं. त्याने ते टपालात टाकायला तात्यांच्या पणज्याकडे दिलं, वर तिकिटाचे पैसेही दिले. "पणज्यान पत्र ठेवल्यान, पैशेय ठेवल्यान," हे तात्या मानाने सांगतात.

पत्राची सुरुवात कधी बदलत नाही. 'माय डियर आवशी.' मग साहेब पालखीतून फोंड्याचा घाट उतरतो. धो धो पाऊस, धुकं, खाली दरी, वर माकडं, आणि भोई थांबून विडी ओढतायत. इथपर्यंत सगळ्यांना सारखंच. पुढचं ऐकणाऱ्यावर. पुणेकर असले तर साहेब घाटात शुद्ध संस्कृत बोलतो. मुंबईचे असले तर सोलकढीच्या तिसऱ्या वाटीला त्याला आई आठवते. गोव्याकडच्या पाहुण्यांसाठी वाटीत सोलकढी नसते.

एकदा न राहवून मी हटकलं. 18 ऑगस्टचं ग्रहण खरं, त्याची सावली या किनाऱ्यावरून गेली हेही खरं, किल्ल्यावर त्या ग्रहणाचे म्हणून दाखवतात ते साहेबाचे कट्टे आहेतच. पण तात्या ज्याचं नाव घेतात तो नॉर्मन लॉकयर त्या दिवशी इंग्लंडात होता. युद्धखात्यातला कारकून! सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ त्याने ऑक्टोबरात तिकडेच, ग्रहणाविना पाहिली. ग्रहण बघायला गुंटूरला आलेल्या जान्सेनने तिथून पाठवलेलं पत्र आणि लॉकयरचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचलं. म्हणजे पत्रं होती. पण ती वेळेवर टपालात पडली होती. कोवळा अधिकारीच हवा, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, वय तीस, तोही जमखंडीला, पटवर्धनांच्या मुलखात. लॉकयर पुढे हिंदुस्थानात आला, समुद्राकाठच्या किल्ल्यावरच दुर्बीण लावून बसला, पण 1871 साली आणि केरळात, बेकलला.

तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"किल्लो होतो मां?"

"होता."

"समुद्र?"

"होता."

"मगे? फरक तेवढो नावाचो."

"आणि श्रावणातल्या अमावास्येला इथे सूर्य दिसला कसा? ढग नव्हते?"

"होते तर! गिर्याच्या रामेश्वरान धरून ठेवल्यान."

यावर बोलणार काय! मी म्हटलं, पत्र तरी दाखवा. मला वाटलं आता उंदीर, वाळवी, नाहीतर धाकटा भाऊ यांपैकी कुणावर तरी आळ येणार. पण तात्या मला थेट घरी घेऊन गेले. काजूबियांचं पोतं सरकवलं, पत्र्याची ट्रंक ओढली, कडी वाजली. डांबराच्या गोळ्यांचा वास. वर धोतरजोडी, तिच्याखाली सातबारा, सातबाराच्या खाली एक जुनी हिशेबाची वही. तिच्यातून त्यांनी एक पान दोन बोटांनी अलगद काढलं. तांबूस, कडा झिजलेल्या, मधोमध घडीची रेघ. कागद खरोखरच जुना होता. दोन्ही बाजूंनी कोरा होता.

तात्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तुमचा अक्षर बरा आसा. इंग्लिशीत लिवन देशात?"

माझ्या हातात दौत-टाक आला. शाईसुद्धा त्यांनी पाणी घालून फिकट करून ठेवली होती.

"तारीख कुठली घालू?" मी विचारलं.

"तारीख तुमका होयी ती घाला," तात्या म्हणाले. "गाव आमचो."