विघ्नहर्ता, चार जीबी

डेस्कटॉपवर मोकळी जागा बघायची, राइट क्लिक करायचं आणि ‘रिफ्रेश’ दाबायचं, ही सवय मला कोणी लावली ते आठवत नाही. आपल्याकडे संगणकापुढे बसणारा प्रत्येक माणूस ती जन्मतःच घेऊन आलेला असतो. काम सुरू करण्याआधी रिफ्रेश, काम अडलं की रिफ्रेश, फोनवर कोणी फार वेळ बोलत असेल तर हाताला चाळा म्हणून रिफ्रेश. त्याने पडद्यावरची चित्रं पुन्हा काढली जातात, यापलीकडे काहीही होत नाही, असं इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा म्हणतो. म्हणेना का. मला बरं वाटतं.

आमचा लॅपटॉप २००७ सालचा. त्या वर्षी ३० जानेवारीला मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी बाजारात आणली आणि दुकानदाराने ‘साहेब, एकदम लेटेस्ट’ एवढंच म्हटल्यावर मी पाकीट काढलं. व्हिस्टाला किमान ५१२ एमबी रॅम लागते असं सांगितलं होतं आणि लॅपटॉपात बरोब्बर ५१२ एमबी होती. किमान म्हणजे पुरेशी, असा मी सरळ अर्थ घेतला. त्यातलीही थोडी रॅम पडद्यावरची चित्रं रंगवण्यासाठी परस्पर वळती होते, हे बिलावर कुठेच नव्हतं.

त्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी. (हे पद मागून मिळत नाही. सभेला उशिरा पोचलं की मिळतं.) मेंटेनन्सचा तक्ता उघडायला डबल क्लिक केलं की लॅपटॉपच्या कडेचा बारीक दिवा लागायचा, आतून कर्र कर्र आवाज यायचा आणि पडद्यावर निळं कडं गरगरत राहायचं. मी पुन्हा क्लिक करायचो. मग थोड्या वेळाने तोच तक्ता दोनदा उघडायचा, त्यातला दुसरा ‘ही फाइल आधीच उघडी आहे’ अशी तक्रार घेऊन.

“मामा, रॅम टाक,” भाचा रविवारी जेवायला आला की आमटी वाढून घेता घेता म्हणायचा. रॅमला पैसे पडतात. शिवाय जे यंत्र नवंकोरं म्हणून घेतलं, त्याला वर्षाच्या आत काही ‘टाकावं’ लागतं हे बायकोला कसं सांगणार? मी बिनपैशाच्या उपायाच्या शोधात होतो, आणि तो मला दाताच्या दवाखान्यात, एका जुन्या संगणक मासिकात सापडला. रेडीबूस्ट! पेन ड्राइव्ह खोचा आणि संगणकाचा वेग वाढवा. दाढ काढल्यानंतर तोंडात कापूस असतानाही मी रिक्षात स्वतःशी हसत होतो.

यातलं शास्त्र खरोखरच सुरेख आहे, म्हणून दोन ओळी. रॅम अपुरी पडली की संगणकाला जी ती गोष्ट हार्ड डिस्कवरून आणावी लागते. हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडे धावणारा दांडा. माझ्या लॅपटॉपासारख्या यंत्रात तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते, तरी हवी ती जागा दांड्याखाली येईपर्यंत सेकंदाचा शंभरावा भाग, कधी त्याहून जास्तच वेळ जातो. ऐकायला किरकोळ, पण अशा शेकडो बारीकसारीक फेऱ्या झाल्या की निळं कडं गरगरतं. पेन ड्राइव्हमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे चिमूटभर माहिती कुठूनही चटकन उचलता येते. सलग मोठी फाइल वाचायची तर हार्ड डिस्कच सरस. म्हणून व्हिस्टा काय करते, तर सटरफटर, वारंवार लागणाऱ्या तुकड्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवते आणि मोठी कामं डिस्ककडेच राहू देते. ही प्रत ती कुलूपबंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवते; पेन ड्राइव्ह चोरीला गेला तरी चोराला काही वाचता येत नाही.

हे मी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

“चोराला आपल्या सोसायटीचा पाण्याचा हिशेब कशाला हवाय?” ती म्हणाली. “मेंबरांनाच नकोय.”

पण व्हिस्टा कुठलाही पेन ड्राइव्ह घेत नाही. आधी त्याची परीक्षा घेते. किमान २५६ एमबीचा हवा. चार केबीचे तुकडे इथूनतिथून वाचताना सेकंदाला अडीच एमबीचा वेग हवा, आणि ५१२ केबीचे तुकडे लिहिताना पावणेदोन एमबीचा. घरात ड्रॉवरमध्ये सापडलेला पहिला ड्राइव्ह खोचला. व्हिस्टाने क्षणभर विचार केला आणि हे उपकरण वेग वाढवण्याच्या लायकीचं नाही, असं बजावलं. खाली ‘पुन्हा चाचणी’चं बटण होतं. ते मी रिफ्रेशच्या श्रद्धेने दाबत राहिलो. मग मुलीचा ड्राइव्ह, नापास. शेजाऱ्यांचा मागून आणलेला, नापास. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मुद्दाम विकत आणला, दुकानदाराने ‘ओरिजिनल आहे’ असं गळ्याची शपथ घेऊन सांगितलेला, तोही नापास. बिनपैशाच्या उपायावर पैसे खर्च व्हायला लागले होते. पण आता प्रश्न पैशांचा राहिला नव्हता.

शेवटी राहिला गणपती. कोणाच्या तरी दिवाळी भेटीत आलेला, चार जीबीचा, रबरी गणपतीच्या आकाराचा पेन ड्राइव्ह. मुकुट काढला की आत यूएसबीची पिन. व्हिस्टा एका वेळी एकच ड्राइव्ह घेत असे आणि त्यावर जास्तीत जास्त चार जीबीच वापरत असे, म्हणजे मापही जुळत होतं. मी खोचला. पोटात लाल दिवा लागला.

साक्षात विघ्नहर्त्याला नापास करण्याची हिंमत त्या सॉफ्टवेअरने केली.

भाचा स्वतः एटीकेटीवर वरच्या वर्षात गेलेला असल्यामुळे त्याला या व्यथेची जाण होती. “मामा, मार्क वाढवता येतात,” तो म्हणाला. प्रत्येक ड्राइव्हचा निकाल व्हिस्टा स्वतःच्या रजिस्ट्रीत नोंदवून ठेवते. तिथे वाचनाचा वेग, लेखनाचा वेग आणि पास-नापास असे आकडे असतात आणि ते हाताने बदलता येतात. त्याने दोन ठिकाणी १००० लिहिलं, एके ठिकाणी २ लिहिले, गणपती काढून परत खोचला. उत्तीर्ण! पुनर्मूल्यांकनाचा इतका झटपट निकाल आमच्या विद्यापीठाने आजवर लावलेला नाही.

पुढचे काही आठवडे सुखाचे गेले. पोटातला लाल दिवा सतत लुकलुकत असे, आणि जे इतकं लुकलुकतंय ते नक्कीच काहीतरी करतंय, अशी माझी खात्री होती. तक्ता उघडायला लागणारा वेळ मी घड्याळ लावून मोजला नाही. श्रद्धेच्या बाबतीत घड्याळ लावू नये. सोसायटीत मी विषय निघेल तिथे (आणि बहुधा निघत नसेल तिथे) रेडीबूस्ट समजावून सांगत असे. दुसऱ्या मजल्यावरचे काका तर मला जिन्यात बघून लिफ्ट घ्यायला लागले.

मग वार्षिक सर्वसाधारण सभा आली. पार्किंगमध्ये खुर्च्या, भिंतीवर चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, समोर माझा लॅपटॉप. एका यूएसबीत माउस, दुसऱ्यात बाप्पा. चादरीवर हिशेबाचा तक्ता एकेक ओळ करून वर सरकत होता, आणि सभासद दोन ओळींच्या मधल्या वेळात आपापसातली भांडणं उरकून घेत होते. एवढ्यात अध्यक्ष उठले. त्यांना टाकीच्या गळतीचे फोटो दाखवायचे होते, खिशात स्वतःचा पेन ड्राइव्ह होता, आणि त्यांनी मला न विचारता बाप्पाच्या पोटाला चिमटीत धरलं.

“बाप्पाला हात लावू नका!” मी ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी ओरडलो नव्हतो. पुढच्या रांगेतल्या आजींनी नमस्कार केला. अध्यक्षांनी दचकून ड्राइव्ह ओढून काढला.

आणि काहीही झालं नाही. होणारच नव्हतं, कारण पेन ड्राइव्हवर असते ती फक्त जादा प्रत. मूळ सगळं हार्ड डिस्कवर लिहिलेलंच असतं, आणि ड्राइव्ह मध्येच उपटला तरी संगणक मुकाट डिस्ककडे वळतो. हे त्या मासिकात होतं. मी ते पान बहुतेक भूल चढत असताना वाचलं असावं. पण खरी नामुष्की पुढेच होती. अध्यक्षांचा ड्राइव्ह लागायच्या आत माउसचं चाक माझ्या हातून जरा फिरलं, आणि तक्ता सर्रकन खाली गेला.

“अरे, आता पळतंय की!” मागून कोणीतरी म्हणालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाच्याच्या मते वाढीव मार्कांवर पास झालेला तो मंद ड्राइव्ह प्रत्येक बारीक गोष्टीला डिस्कपेक्षा उशिरा उत्तर देत होता. बाप्पा होते तोवर यंत्र अधिकच हळू चालत होतं. इतिवृत्तात हा प्रसंग लिहायचा की नाही यावर वाद झाला. इतिवृत्त मीच लिहीत असल्यामुळे तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी रॅम घ्यायला तपकीर गल्लीत गेलो. “डेस्कटॉपची का लॅपटॉपची?” दुकानदाराने विचारलं. दोन्ही काउंटरवर ठेवल्या होत्या. एक बोटभर, दुसरी तिच्या दुप्पट लांब, आणि किमतीत फारसा फरक नाही. “मोठी द्या,” मी म्हणालो. ती घरी येऊन, लॅपटॉप उलटा करून, झाकणाचे स्क्रू काढून झाल्यावर परत गल्लीत गेली.

शेवटी एक जीबीची बसली, आणि लॅपटॉप खरोखरच धावू लागला. मी कौतुकाने टास्क मॅनेजर उघडला तर ‘फ्री मेमरी’ जवळजवळ शून्य! कालच घातलेली रॅम गेली कुठे? झालं होतं असं, की व्हिस्टाची सुपरफेच नावाची सोय मी रोज काय उघडतो ते बघून ते आधीच रिकाम्या रॅममध्ये आणून ठेवत होती; कोणाला जागा लागली की ती लगेच सोडूनही देते. पण सेक्रेटरीला शिल्लक शून्य बघवत नाही. मी रॅम रिकामी करून देणारं एक फुकट सॉफ्टवेअर बसवलं. ते दर थोड्या वेळाने सगळं बाहेर हाकलायचं, आकडा वर जायचा, मला समाधान मिळायचं, आणि संगणक हाकललेलं सगळं पुन्हा डिस्कवरून उचलत बसायचा. कर्र कर्र.

अशा माणसांचा बाजार जगभर आहे, हे एक समाधान. १९९५ मध्ये अमेरिकेत सॉफ्टरॅम ९५ नावाचं एक सॉफ्टवेअर रॅम दुप्पट करून देतो म्हणत धडाक्यात खपलं. जाणकारांनी ते उघडून पाहिलं तेव्हा ते वाढलेल्या मेमरीचे आकडे दाखवण्यापलीकडे जवळजवळ काहीच करत नव्हतं, आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली. मी तेव्हा तिथे असतो तर दोन प्रती घेतल्या असत्या. चौपट झाली असती.

अलीकडे नवा लॅपटॉप घेतला. त्यात तबकडीच नाही, एसएसडी आहे. तरी जुन्या ओढीने एक पेन ड्राइव्ह खोचून रेडीबूस्टचं पान उघडलं. हा संगणक इतका वेगवान आहे की रेडीबूस्टने जादा फायदा होण्याची शक्यता नाही, असं विंडोजने लेखी कळवलं. मी ते पडद्यासकट उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि बायकोला वाचून दाखवलं.

तिने चष्मा लावून नीट वाचलं.

“छान,” ती म्हणाली. “मग आता पाण्याचा हिशेब कशासाठी अडलाय?”